रोज एकच फळ घ्यायचं तर पेरू की पपई?

सफरचंदाचे भाव बघितले की दोनच घेऊन यावं लागतं, किवी आणि ड्रॅगन फ्रूटकडे तर आपण बघतच नाही, आणि इकडे डॉक्टर म्हणतात रोज फळ खा. मग मुंबईतल्या साध्या घरांत गाडी शेवटी पेरू नाहीतर पपईवर येऊन थांबते. दोन्ही उष्ण हवेतली फळं, दोन्ही खिशाला झेपणारी. माझं मत आधीच सांगून टाकते, दात धड असतील आणि किडनीचा त्रास नसेल तर पेरूच घ्या. पण घरात आजी, नातवंडं, शुगरवाले असे सगळेच असतील तर एकट्या पेरूवर भागत नाही.

पेरूचा खरा जोर आहे व्हिटॅमिन सी मध्ये. १०० ग्रॅम पेरूत ते साधारण २२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पपईत ६० च्या आसपास, आणि ज्याचं एवढं नाव आहे त्या संत्र्यात ५० च्या जवळपास. आपल्याकडच्या शिफारशीनुसार मोठ्या बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे एका मध्यम पेरूत दोन-तीन दिवसांचं काम होऊन जातं. बरं हे सी फक्त सर्दीसाठी नाही हो, पोहे, नाचणी, पालेभाजी यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते, आणि आपल्या किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघतं ते रिपोर्ट बघितलेत की कळतंच. म्हणून शाकाहारी घरात तर मी म्हणेन पेरू जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या खा, आणि चहा तासभर पुढे ढकला, कारण चहाने ते लोह अडतं. साल काढू नका प्लीज, सी सालीत आणि सालीलगतच्या गरात जास्त असतं.

शुगरवाल्यांना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गोडी बघितली तर दोघांत फार फरक नाहीये, १०० ग्रॅममागे पेरूत साधारण ९ ग्रॅम साखर, पपईत ८. उलट कॅलरी पेरूतच जास्त, ६८, आणि पपईत ४३. फरक पडतो तो फायबरने. पेरूत ५ ग्रॅमच्या वर, पपईत जेमतेम पावणेदोन, त्यामुळे पेरूची साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पोटही भरलेलं राहतं. पपई मऊ असते, बोलता बोलता अख्खी प्लेट संपते आणि कळतही नाही, म्हणून शुगरवाल्यांनी ती वाटीत मोजून घ्यावी. आणि पेरू चावून खायचा, ज्यूस नाही, गाळला की फायबर गाळणीतच राहतं.

आता तिखट-मीठ. स्टेशनबाहेर फळवाला पेरूला चार चिरा देतो, फुलासारखा उघडतो आणि चमच्याने लालभडक तिखट-मीठ आतपर्यंत भरतो, लोकल पकडायच्या आधी तो हातात घेतला की दिवसभराचा शीण जातो हे मला मान्य आहे. पण घरात बीपीची गोळी चालू असेल तर ते मीठ खूप होतं, आणि पावसाळ्यात ती सुरी ज्या बादलीत बुडवतात ते पाणी एकदा बघा. अख्खा पेरू घ्या, घरी धुवा, घरी कापा. पावसाळी बहाराचा पेरू पाणचट लागतो आणि त्यात अळी निघण्याची शक्यताही जास्त, म्हणून तेव्हा तर कापून बघितल्याशिवाय तोंडात घालूच नका. थंडीतला पेरू घट्ट, गोड, वासाचा, खरी मजा तेव्हाच.

पपई कोणासाठी? माझ्या सासूबाईंना कवळी आहे, पेरूची एक बी जरी कवळीखाली गेली तरी त्यांचं जेवण तिथेच थांबतं. त्यांना मी पिकलेल्या पपईच्या बारीक फोडी करून वर लिंबू पिळून देते, सुरकन जातात, सकाळी पोटही साफ होतं. पपईत जवळजवळ ८८ टक्के पाणी, गर मऊ, त्यामुळे म्हातारी माणसं, आजारातून उठलेले, घन खायला नुकतीच शिकणारी बाळं यांना ती सोपी पडते. पपईने सगळं पचतं असं जे म्हणतात ते जरा बेताने घ्या, मटण मऊ करायला आपण जी कच्ची पपई चोळतो तिच्या चिकात ते पपेन, म्हणजे प्रथिनं फोडणारं द्रव्य, भरपूर असतं, पिकल्यावर बरंच कमी होतं. डोळ्यांसाठीचं केरोटीन पांढऱ्या पेरूपेक्षा पपईत नक्कीच जास्त, पण गाजराच्या पुढे तेही थोडंच, आणि आतून गुलाबी पेरू मिळाला तर त्यातही केरोटीन आणि लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) दोन्ही असतं.

घेताना पिवळे पट्टे आलेली, देठाजवळ दाबल्यावर किंचित दबणारी पपई घ्या. बाहेरून एकसारखी पिवळीधमक आणि कापल्यावर आत पांढरट कडक निघाली तर मला तरी शंका येते, फळं कार्बाइडने पिकवायला बंदी आहे पण सर्रास ऐकू येतं. कापलेली अर्धी पपई फ्रीजमध्ये झाकून ठेवा, नाहीतर दुधालाही तिचा वास लागतो. डब्याला मात्र पेरूच बरा, ना चमचा लागत ना काही.

पोटुशी असेल तर कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई नको, त्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं म्हणून डॉक्टरही टाळायला सांगतात. घरात त्यावरून वाद नको असतील तर सरळ पेरू द्या, धुऊन, पिकलेला. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनाही पपई त्रास देऊ शकते. आणि दर पावसाळ्यात डेंग्यू आला की प्लेटलेट्स वाढतात म्हणून घरोघरी पपई येते, पण चर्चा असते ती पानांच्या रसाची, फळाची नाही, आणि पानांचा रस पाजत बसून पेशंटला हॉस्पिटलमध्ये न्यायला उशीर करू नका, जीवावर बेततं.

किडनीच्या पेशंटसाठी मात्र उत्तर उलटं होतं. १०० ग्रॅम पेरूत ४०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, पपईत १८० च्या आसपास. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर पेरू स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि पपईसुद्धा किती फोडी चालतील ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या.