जुनी चेनसॉ घेताना: पॉइंटची की इलेक्ट्रॉनिक इग्निशनची?

बंद पडलेली जुनी चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीने लाकूड कापणारी पेट्रोलवरची करवत, स्वस्तात घ्यावी, हिवाळाभर ती तळघरातल्या टेबलावर खोलून ठेवावी आणि बर्फ वितळेपर्यंत ती पुन्हा सुरू करावी, हा छंद मला न्यू हॅम्पशायरमध्ये स्थायिक झाल्यावर लागला. माझ्या ओळखीतल्या दोन मराठी मित्रांनाही आता त्याची ओढ वाटू लागली आहे आणि दोघांनी मला एकच प्रश्न विचारला, की पहिली चेनसॉ कोणत्या कंपनीची घ्यावी. माझ्या मते इथे कंपनीपेक्षा काळ महत्त्वाचा ठरतो, कारण जुन्या यंत्रांत प्लगची ठिणगी (स्पार्क) उघडझाप करणाऱ्या पॉइंटमुळे पडते आणि नंतरच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे. एका बाजूला १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या अमेरिकी चेनसॉ आहेत, ज्यांत होमलाइटची एक्सएल-१२ किंवा मॅककुलोकची १०-१० ही यंत्रे आजही घराघरांतल्या गराजांत सापडतात. दुसऱ्या बाजूला १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या युरोपीय व्यावसायिक चेनसॉ आहेत, म्हणजे हुस्क्वार्नाची ६१ आणि २७२, श्टीलची ०२६, जॉनसरेडची ६३० आणि त्यांची भावंडे. मी दोन्ही प्रकारच्या चेनसॉ घेतल्या, खोलल्या, चालवल्या आणि काही विकूनही टाकल्या. त्या अनुभवावरून जे सांगता येते तेवढेच इथे मांडतो.

सायलेन्सर काढून पिस्टन कसा पाहावा, दाब किती असावा, साखळीला धार कशी लावावी, हे ज्याला या वाटेला जायचे आहे त्याला बहुधा माहीत असते. साखळीच्या बाबतीत तर दोन्ही काळांत निवड करण्यासारखे फारसे काही नाहीच. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये जी साखळी बनवायला घेतली, तिच्याच वंशातली साखळी आपण आजही दोन्ही यंत्रांवर चढवतो. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचेही तसेच आहे. तो टिलॉटसन कंपनीचा असो वा वॉलब्रोचा, आतला डायफ्राम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, वर्षांनुवर्षे पडून कडक झालेला असतो, इथल्या पेट्रोलमधल्या दहा टक्के इथेनॉलने रबरी नळ्यांचे नुकसान केलेले असते, आणि डायफ्रामचा संच व नवी नळी बसवली की दोन्हींचा प्रश्न सारख्याच खर्चात सुटतो.

फरक सुरू होतो तो यंत्राच्या बांधणीत. जुन्या अमेरिकी चेनसॉत हँडल, टाकी आणि इंजिन हे सगळे मॅग्नेशियमच्या ओतीव अंगाला घट्ट जोडलेले असते. कार्ब्युरेटर थेट रीड व्हॉल्व्हच्या, म्हणजे मिश्रण फक्त आत जाऊ देणाऱ्या पातळ पट्टीच्या झडपेच्या, ठोकळ्यावर बसतो आणि मध्ये कागदी गॅस्केटखेरीज काही नसते. हे यंत्र खोलताना मला फार समाधान मिळते, कारण प्रत्येक स्क्रू धातूत जातो, प्रत्येक भागाचा हेतू डोळ्यांना दिसतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनंतरही आटे शाबूत असतात. साखळीला तेल देण्याचे बटण अंगठ्याने दाबावे लागते, त्याचीही हाताला सवय होते. आवाज खर्जातला आणि भरदार आहे. मिश्रण थोडे श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला की तो फुटतो आणि लाकडात शिरताच एकदम स्वच्छ होतो. तो बदल ऐकण्यासाठी मी कितीतरी ओंडके गरज नसताना कापले आहेत.

या घट्ट बांधणीची किंमत मात्र हात मोजतात. माझ्या अंदाजाने वीस मिनिटांनंतर बोटांना मुंग्या येऊ लागतात आणि अर्ध्या तासाने स्क्रू ड्रायव्हर नीट धरवत नाही. हुस्क्वार्नाने १९६९ मध्ये इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये कंपने शोषणारी रचना आणली आणि १९७३ मध्ये साखळीचा आपोआप लागणारा ब्रेक आणला. त्यानंतरच्या दशकात या दोन्ही गोष्टी चांगल्या चेनसॉमध्ये गृहीत धरल्या जाऊ लागल्या. जुन्या यंत्रांत बहुधा ब्रेक नसतो. म्हणून मी ती फक्त घोडीवर ठेवलेल्या ओंडक्यासाठी वापरतो, उभ्या किंवा पडलेल्या झाडाजवळ कधीच नेत नाही, आणि ज्यांना एकच चेनसॉ ठेवायची आहे त्यांनी हा मुद्दा इतर सगळ्यांच्या आधी विचारात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आता युरोपीय यंत्रांची बाजू. इथे इंजिन रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारांवर तरंगते आणि कार्ब्युरेटर हँडलच्या बाजूला राहतो, त्यामुळे दोघांना जोडण्यासाठी मध्ये एक रबरी गळा लागतो. याच गळ्याने मला एकदा मोठा धडा शिकवला. २००८ च्या डिसेंबरमध्ये इथे जे बर्फाचे वादळ झाले, ज्यात फांद्यांवर बर्फाचे जाड कवच चढून झाडे विजेच्या तारांवर कोसळली आणि अनेक घरे कित्येक दिवस अंधारात राहिली, त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात मी एका शेजाऱ्याकडून जळलेल्या पिस्टनची एक चेनसॉ घेतली. सिलिंडरवर चिकटलेले अ‍ॅल्युमिनियम आम्लाने काळजीपूर्वक काढले, नवा पिस्टन बसवला, यंत्र सुरेख सुरू झाले आणि चौथ्या टाकीला तो पिस्टनही एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडला गेला. दोष रबरी गळ्याच्या खालच्या घडीतल्या एका चिरेचा होता. इंजिन एका जागी उभे असताना ती बंद राही आणि हँडलवर जोर पडला की उघडे. तिथून हवा शिरून मिश्रण पातळ होई, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडे. तेव्हापासून मी एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडे सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद करतो, अर्धा बार हवा भरतो आणि गळा हाताने इकडेतिकडे वाकवून दाबमापकाचा काटा पडतो का ते पाहतो. हे केल्याशिवाय मी एकही नवा पिस्टन बसवत नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मग तराजू जुन्या धातूच्या यंत्राकडे झुकायला हवा. काही वर्षे माझे मतही तसेच होते. ते बदलले ते पॉइंटमुळे.

ज्यांनी भारतात जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना पॉइंट काय असतो हे सांगायला नको; इतरांसाठी एवढेच, की ती धातूच्या दोन टोकांची जोडी असते, जी उघडली की कॉइलचा प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. पावसाळ्यात किक मारून मारून पाय दुखला की प्लग काढायचा, मग मॅग्नेटचे झाकण उघडायचे, पॉलिश पेपरची घडी पॉइंटच्या मधून दोन-तीनदा ओढायची, आणि गाडी सुरू. चेनसॉमध्ये हाच पॉइंट असतो, फक्त बहुतेक यंत्रांत तो फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेट बसवलेल्या चाकाच्या, मागे दडलेला असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर स्टार्टरचे झाकण काढावे लागते, प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन अडवावा लागतो, फ्लायव्हीलचा नट सोडवावा लागतो, आणि मग पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराने, ते फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावरून सोडवावे लागते. ते सहजी निघत नाही. एकदा पुलर नीट न लावता हातोडीने ठोकल्यामुळे माझ्याकडून थंड हवा फेकणारे एक पाते तुटले आणि ते संपूर्ण फ्लायव्हील निकामी झाले. आत पोहोचल्यावर काम पाच मिनिटांचे: पॉइंट स्वच्छ करायचा, सुमारे ०.४ मिलिमीटरची फट ठेवायची, कंडेन्सर तपासायचा. परत बसवताना फ्लायव्हील दांड्यावर योग्य जागी धरणारी छोटी चावी खाचेत बरोबर आहे ना हे पाहायचे आणि मॅग्नेट व कॉइल यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाइतकी फट ठेवायची.

एकदा करायचे असते तर मी हे आनंदाने केले असते, आणि केलेही. अडचण अशी की ते एकदा करून संपत नाही. पॉइंट झिजतो वापरामुळे, पण स्पार्क बहुतेक वेळा जातो तो वापर नसल्यामुळे. यंत्र सहा-आठ महिने दमट तळघरात पडून राहिले की दोन टोकांच्या मध्ये ऑक्साइडचा इतका पातळ थर धरतो की तो डोळ्यांना दिसतही नाही, पण कमी दाबाचा प्रवाह अडवायला तो पुरेसा होतो. रोज लाकूड तोडणाऱ्या माणसाला हा त्रास कधी जाणवला नसेल, कारण त्याचा पॉइंट रोजच उघडझाप करून स्वतःला घासत असे. संग्राहकाची गोष्ट उलटी आहे. त्याच्याकडे जितकी यंत्रे जास्त, तितके प्रत्येक यंत्र अधिक काळ बसून राहते. माझ्या फळीवर एकेकाळी पॉइंटच्या सहा चेनसॉ होत्या आणि एका एप्रिलमध्ये त्यांतल्या चारांना स्पार्क नव्हता. चारांचीही फ्लायव्हील काढण्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले आणि त्या काळात दुरुस्तीला आणलेले नवे यंत्र टेबलाखाली तसेच पडून राहिले. दुरुस्तीचा आनंद मला मान्य आहे, पण तीच दुरुस्ती, त्याच यंत्राची, दर वसंतात करण्यात मला तो सापडला नाही.

१९८० च्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला उघडझाप करणारा कोणताच भाग नाही. कॉइल फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेला बसते, दोन स्क्रूंनी निघते, आणि ती एकतर चालते किंवा चालत नाही. माझ्याकडची ०२६ तीन वर्षे हातही न लावता ठेवली होती. ताजे पेट्रोल घातल्यावर ती सहाव्या झटक्याला सुरू झाली. एका यंत्रावरून नियम काढता येत नाही हे मी जाणतो, परंतु माझ्याकडे आलेल्या या काळातल्या आठ-नऊ यंत्रांपैकी फक्त एकाची कॉइल मला बदलावी लागली.

रबरी गळ्याचा दोष मी विसरलेलो नाही. तोही या यंत्रांचा खरा दोष आहे आणि पहिल्या खेपेला तो पॉइंटपेक्षा महाग पडतो. पण नवा गळा आणि नवे ऑइल सील बसवून दाबाची चाचणी घेतली की तो दोष माझ्या अनुभवाप्रमाणे कित्येक वर्षांसाठी मिटतो. पॉइंटचा दोष मिटत नाही, कारण तो यंत्र निवांत ठेवल्याने होतो, आणि संग्रह करणे म्हणजे यंत्रे निवांत ठेवणेच.

पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जोडण्याचा मार्गही आहे. तारा बरोबर जोडल्या तर तो चांगला चालतो. मी एका यंत्रात तो वापरला आणि ते यंत्र आता हमखास सुरू होते. ज्यांना जुने यंत्र फक्त चालवायचे आहे त्यांनी तो जरूर विचारात घ्यावा. मला मात्र त्यानंतर ते यंत्र पूर्वीइतके आपले वाटले नाही. कारखान्यातून ते जसे निघाले तसे ते उरलेले नव्हते, आणि जुने यंत्र मी ज्यासाठी ठेवले होते तेच त्यातून गेले होते. हे अर्थात माझ्यापुरते.

सुट्या भागांविषयी थोडक्यात. होमलाइट १९९४ मध्ये जॉन डिअरकडे गेली आणि पुढे आणखी एका मालकाकडे. मॅककुलोक १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. दोन्हींच्या जुन्या यंत्रांचे भाग आता मुख्यतः दुसऱ्या मेलेल्या यंत्रांतून काढावे लागतात. यात मला काही वाईट वाटत नाही, कारण असे यंत्र गराज सेलमध्ये पंधरा-वीस डॉलरला मिळते आणि शोधण्यातही एक मजा आहे. युरोपीय यंत्रांचे भाग नवे मिळतात, मूळही आणि नकलीही, पण बंद पडलेल्या यंत्रालासुद्धा लोक शंभरच्या आसपास मागतात. नकली सिलिंडर घेताना पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या मिश्रण आणि धुराच्या वाटांच्या, कडा बोटाने तपासाव्यात. धारदार राहिलेली कड पिस्टनची रिंग अडवते.

तेव्हा ज्या मित्राच्या अंगणात ओकची झाडे आहेत आणि ज्याला वर्षातून दोन-तीनदा खरोखर लाकूड कापायचे आहे, त्याने पहिली चेनसॉ १९८० च्या दशकातली युरोपीय घ्यावी, शक्यतो अशी की जिच्या कुटुंबातली भावंडे अनेक आहेत; ६१, २६८ आणि २७२ यांचे कितीतरी भाग एकमेकांत बसतात आणि त्यामुळे दोन मोडक्या यंत्रांतून एक चालते करता येते. सायलेन्सरचे स्क्रू काढून पिस्टन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि पिस्टन चांगला दिसला तरी रबरी गळ्याची किंमत मनात धरूनच भाव करावा. दुसऱ्या मित्राला कापायचे काहीच नाही, त्याला फक्त यंत्र खोलायचे, समजून घ्यायचे आणि ऐकायचे आहे. त्याने एक्सएल-१२ घेतली तर मी त्याला थांबवणार नाही, मात्र त्याने अशी एकच ठेवावी आणि दर महिन्याला दोन मिनिटे ती चालवावी. माझ्या फळीवरही आता पॉइंटची एकच उरली आहे. ती मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू करतो आणि गेल्या तीन हिवाळ्यांत तिचे फ्लायव्हील काढावे लागलेले नाही.