दर्शनी भिंतीला रंग द्यावा की दगड लावावा?

घर विकायला काढण्यापूर्वी दर्शनी भागावर थोडा खर्च करायचे ठरले, की नागपुरात मिस्त्री सहसा दोनच पर्याय पुढे करतात: सगळ्या भिंतींना बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन रंग, किंवा समोरच्या बाजूला दगडी क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर दगडाच्या पातळ लाद्या बसवणे. त्रिमूर्तीनगरातील आमच्या दुमजली घराला मी दोन्ही करून पाहिले. पोर्चच्या उजवीकडे राजस्थानातल्या धोलपूरचा बदामी दगड वरच्या खिडकीपर्यंत लावला आणि उरलेले घर रंगवले.

देखणेपणात दगड सरस आहे, हे मान्य करायला हवे. उन्हाने त्याचा रंग उडत नाही, आणि तिरप्या उन्हात त्याचा खडबडीतपणा जो उठाव देतो, तो रंगाला साधत नाही. खर्च मात्र मला त्याच क्षेत्रफळाच्या रंगकामाच्या कितीतरी पट आला.

माझे मत फिरले ते कूलरमुळे. आपल्याकडे मार्चअखेरीस खिडक्यांबाहेर कूलर चढतात, वाळ्याच्या ताट्या लागतात आणि टाकीत बहुतेक घरी बोअरचे जड पाणी पडते. पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार टाकीतच साठत जातात. मग टाकी भरून वाहिली की तेच खारे पाणी भिंतीवरून ओघळते. दगड ते पिऊन घेतो. दुसऱ्याच उन्हाळ्यात आमच्या खिडकीखाली हातभर रुंदीचा पांढरा पट्टा उमटला. मिस्त्रीच्या सांगण्यावरून तो ॲसिडने धुतला, तेव्हा पांढरे गेले आणि त्या जागी गंजासारखा पिवळसर डाग आला, कारण अशा दगडात लोहाचा अंश असतो. पुढे घर पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी दगडाकडे कौतुकाने पाहण्याऐवजी त्या पट्ट्यावर तळहात ठेवून विचारले, "भिंतीत ओल आहे काय?" ओल नव्हती, पण ते त्यांना पटवण्यातच ती भेट संपली.

डावीकडच्या कूलरखाली रंगावरही असाच ओघळ आला होता. तो तारेच्या ब्रशने खरवडून, प्राइमर मारून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तेवढा भाग पुन्हा रंगवला; दोन दिवसांत काम संपले. रंगाचे दुखणे निराळे आहे. पश्चिमेच्या भिंतीवरचा गडद रंग लवकर फिका पडतो, म्हणून तिथे फिकट छटाच घ्यावी, आणि काम दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत उरकावे. मे महिन्यात भिंत इतकी तापते की ब्रश फिरेपर्यंत रंग सुकतो आणि फटकारे दिसत राहतात. कुंपणाच्या भिंतीला तर दगड लावूच नये, असे मला वाटते; आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्या हालचालीने सांधे उघडतात.

ज्यांच्या घरी एसी आहे किंवा कूलर मागच्या बाजूला आहेत, त्यांना दगड कदाचित माझ्यापेक्षा चांगला लाभेल. तो लावण्यापूर्वी सीलर, म्हणजे दगडाला पाणी पिऊ न देणारा लेप, मात्र अवश्य मारून घ्यावा. मला पुन्हा निवड करायची वेळ आली, तर मी बहुधा सगळे घर रंगवीन आणि वाचलेल्या पैशांत गेट बदलून घेईन. दोन्हींपैकी काहीही केले तरी आधी कूलरच्या टाकीला निचऱ्याची नळी जोडून ती जमिनीपर्यंत आणावी. मला ती नळी दोनशे रुपयांत मिळाली, दगड लावल्यानंतर तीन वर्षांनी.