बसमध्ये ट्यूब्युलर बसवू की लिथियम?

भाच्याने जुनी मिनीबस घेतलीय, आत पलंग, पंखा, छोटा फ्रिज. आता अडलंय बॅटरीवर: ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी शिसे-आम्लाची, की लिथियम.

आधी क्षमता, कारण फसगत इथेच होते. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर कागदावर १८०० वॉट-अवर देते. पण टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. लिथियम आयर्न फॉस्फेटची (१२.८ व्होल्ट) १०० एएच बॅटरी ८० टक्के वापरली तरी हजाराच्या वर जाते. तेव्हा दीडशेशी शंभरचीच तुलना करा.

वजनात तर तुलनाच नाही. ट्यूब्युलर पन्नास किलोच्या पुढे, उचलायला दोघं लागतात. लिथियम बारा-तेरा किलोची.

किंमत लिथियमची बरीच जास्त, पण आयुष्यही कित्येक पट. ट्यूब्युलर मोडीत दिली तर शिशाचे चार पैसे सुटतात, हेही धरा.

देखभालीचं सांगतो. माझ्या ट्यूब्युलरच्या टर्मिनलवर दर पावसाळ्यात हिरवट भुकटी साठते; गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश. शिवाय डिस्टिल्ड वॉटर. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, म्हणून पलंगाखाली कोंडायची नाही. लिथियमला यातलं काही नाही; मात्र तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करायची नाही आणि अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) थेट जोडायची नाही, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा. त्याचा खर्च लोक विसरतात.

वर्षातून दोन-चार सहली असतील तर ट्यूब्युलर पुरे. महिनोन्‌महिने बसमध्येच राहणार असशील तर लिथियमच घे, बाबा.