कॉलेज रोडच्या मुलाने बसवून दिलेलं ऑटोमॅटिक ट्रेडिंग जर्नल: सहा महिने वापरून

माझे वडील लासलगावला कांद्याच्या आडतीवर दिवाणजी होते. लिलाव दुपारीच आटोपला तरी ते घरी यायचे रात्री आठ-साडेआठला. रोजकीर्द लिहून, रोकड मोजून, शिल्लक जुळल्याशिवाय गादी सोडायची नाही, हा त्यांचा नियम. मी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये घरूनच काही द्राक्ष बागायतदारांची आणि अंबडच्या दोन वर्कशॉपची अकाउंट्स लिहिते, आणि सकाळी सव्वानऊ ते अकरा निफ्टीचे ऑप्शन (ठरलेल्या दिवसापर्यंत निफ्टी वर जाईल की खाली, यावरचे सौदे) करते. लोकांचे हिशेब पैशापर्यंत जुळवते, पण स्वतःच्या ट्रेडची वही तीनदा सुरू केली आणि तीनदा सुटली. तोट्याच्या दिवशी पेन उचलवत नाही. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की, मागच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटाच झाला. त्या 93 मध्ये मी आहे की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नव्हतं.

म्हणून 2025 च्या जूनमध्ये हे जर्नल, म्हणजे आपोआप भरणारी ट्रेडची वही, कॉलेज रोडच्या एका मुलाकडून बसवून घेतलं. साडेचार हजार एकदाच, पुढे देखभालीचे महिना तीनशे. तो रविवारी घरी आला आणि दोन तासांत काम उरकलं. ब्रोकरच्या साइटवरून ट्रेडबुकची (झालेल्या खरेदी-विक्रीच्या यादीची) सीएसव्ही फाइल उतरवायची आणि ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये टाकायची. बाकी सगळं गूगल शीटमधली स्क्रिप्ट करते: खरेदी-विक्रीच्या जोड्या लावते, ट्रेड किती मिनिटं धरला ते काढते, खर्च जाऊन हातात किती पडले ते लिहिते. थेट एपीआय (ब्रोकरच्या सिस्टीमशी आपोआप जोडणी) का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, त्याला रोज सकाळी नव्याने लॉगिन करावं लागतं. एक दिवस राहिलं की वहीत खाडा. फाइल शनिवारी एकदम आठवड्याची टाकली तरी चालते." पटलं मला.

खर्चाचा कॉलम फार नेटका आहे. 2025 मध्ये निफ्टीचा लॉट, म्हणजे ऑप्शनचा किमान गठ्ठा, 75 चा होता. असा एक लॉट 100 ला घेऊन 104 ला विकला तर आपण मनात तीनशे रुपये धरायचो. दोन्हीकडची वीस-वीस रुपये दलाली, विक्रीवरचा तेव्हाचा 0.1 टक्के एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), एक्सचेंजचा आकार, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी असे मिळून साठेक रुपये जायचे. हे प्रत्येक ओळीत समोर दिसायला लागल्यावर तीन-चार पॉइंटसाठी घाईने घेतलेले माझे ट्रेड आपोआप कमी झाले.

पहिल्या आठवड्यात एक चूक सापडली. एकच ऑर्डर तुकड्यातुकड्यांनी भरली गेली की शीट तिचे चार ट्रेड मोजायचं, त्यामुळे जिंकण्याचं प्रमाण फुगायचं. ऑर्डर नंबरवरून एकत्र करायला सांगितलं, त्याने त्याच संध्याकाळी केलं.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि जे कोणी असं जर्नल घेणार आहेत त्यांनी ती नीट वाचावी. जानेवारीपासूनचे ट्रेड भरल्यावर शीटने सहा महिन्यांत 11,460 रुपये नफा दाखवला. मी आनंदाने वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "यात शिल्लक कुठे लिहितेस?"

शिल्लक कुठेच नव्हती. त्या रात्री ब्रोकरचं लेजर (खात्याचा उतारा) काढून ओळ-ओळ टिकमार्क केली. लेजर 19 हजारांच्या वर तोटा सांगत होतं. फरक सापडला 19 जूनच्या ओळीत. 18.40 ला घेतलेले कॉलचे (निफ्टी वर जाईल या अंदाजाच्या ऑप्शनचे) दोन लॉट एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी, शून्य झाले होते, म्हणजे 2,760 रुपये गेले. पण मी ते विकलेच नव्हते, साडेतीनला आपोआप संपले. विक्री नाही म्हणून ट्रेडबुकमध्ये दुसरी नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून शीटच्या लेखी तो सौदा अजून 'चालू'. असे चौदा सौदे निघाले. माझे सगळ्यात वाईट तोटे तेवढे वहीत आलेच नव्हते.

फोन केल्यावर मुलगा आधी म्हणाला, "ताई, ब्रोकरच्या फाइलमध्येच ते नसतं." बरोबर होतं त्याचं, पण म्हणून वही बरोबर ठरत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तीन दिवसांत त्याने दुरुस्ती केली. एक्सपायरी उलटून गेलेला सौदा आता निफ्टीच्या त्या दिवशीच्या बंद भावावरून आपोआप मिटतो. शिवाय वर एक चौकट करून दिली. शनिवारी लेजरची शिल्लक मी तिथे हाताने लिहिते, आणि रुपयाचाही फरक आला की चौकट लाल होते.

त्यानंतर वारांचा तक्ता पाहिला तर गुरुवार पार बुडालेला. मला वाटलं, गुरुवारी बागायतदारांची बिलं असतात, घाईत चुका होत असतील. मग 1 सप्टेंबरपासून निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी गुरुवारवरून मंगळवारवर आली, आणि महिन्याभरात माझा तोटाही गुरुवारवरून मंगळवारवर आला. बिलं गुरुवारीच होती. आता मंगळवारी मी ऑप्शन घेतच नाही. एवढ्या एका माहितीत माझे साडेचार हजार वसूल झाले.

दोन कॉलम त्याने मुद्दाम मोकळे ठेवलेत: 'का घेतला' आणि 'का सोडला'. ते हातानेच भरावे लागतात, आणि मी दूध तापायला ठेवते तेव्हा ओट्यापाशी उभ्यानेच मोबाईलवर भरते. नंतर भरायचं ठेवलं की कारण बदलून लिहिलं जातं, हे माझ्या लक्षात आलंय. आयटीआर-3 (धंद्याच्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्र) भरताना उलाढाल आणि नफा-तोट्याचा वेगळा तक्ता निघतो, तो माझ्या हिशेबाशी पैशापर्यंत जुळला.

एक काम अजून अडलंय. स्प्रेडचे (एक ऑप्शन घेऊन त्याच वेळी दुसरा विकण्याचे) दोन पाय शीट दोन वेगळे ट्रेड धरतं, त्यामुळे एक मोठा नफा आणि एक मोठा तोटा असं दिसतं. दिवाळीनंतर करून देतो म्हणाला होता. परवाच परत आठवण केली आहे.