पन्हाळ्यावर गाईड घ्या, पण घाईत जाऊ नका

परवा रविवारी आबांना आणि मुंबईच्या पाव्हण्यांना घेऊन पन्हाळ्याला गेलतो. कोल्हापूरपासनं वीस किलोमीटर, शाळेपासनं कितीतरी वेळा बघितलेला गड, त्यामुळं गाईड कशाला असं मला वाटत होतं, पण पाव्हण्यांसाठी घेतला. दोन तास ठरलेले, पावणेचार लागले आणि एक मिनिट पण जड गेलं नाही.

तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी सगळं दाखवलं, ते कुणीपण दाखवतं. पण हा माणूस लढाई सांगताना माणसाच्या मनात काय चाललं असंल ते सांगतो. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आपल्याला पाठच आहे, राजापूरच्या इंग्रजांनी पण तोफा आणून डागल्या होत्या तरी गड पडला नाही. मग महाराज शरण येणार असा निरोप गेला आणि पहारा ढिला पडला. गाईड म्हणाला, चार महिने चिखलात बसलेल्या शिपायाला लढाई संपली हेच ऐकायचं असतंय, घरी जायची ओढ लागली की डोळे उघडे असून दिसत नाही. हे मी आजवर असं कधी ऐकलंच नव्हतं.

महाराज निसटावेत म्हणून त्यांचा वेश घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशिदांच्या पुतळ्यापाशी गाईड थांबला आणि आम्हालाच विचारलं, पालखीत बसताना त्यांना काय वाटलं असंल ओ? सगळे गप्प. आणि आबा बोलले. आबा फौजेत होते, १९७१ ला पूर्वेकडं, पण घरात त्यावर एक शब्द कधी काढला नाही त्यांनी. म्हणाले, "भ्या सगळ्यांस्नी वाटतंय. शेजारच्या गड्यापुढं मान खाली जाऊ नये म्हणून माणूस उठतोय." मग थोड्या वेळानं म्हणाले की त्यांच्यातला एकजण गेला तर दोन दिवस त्याचं जेवण बाजूला काढायची सवय कुणाची सुटंना, राग त्याच्यानंतर आला. माझ्या अंगावर काटा आला. आईला पण हे माहीत नव्हतं.

गाईडनं मध्ये तोंड घातलं नाही, हे मला लई आवडलं. नंतर पुसाटी बुरुजावर सावकाश सांगितलं की महाराज विशाळगडाकडं निघाल्यावर घोडखिंडीत, म्हणजे आताच्या पावनखिंडीत, शत्रूला अडवून लढलेले बांदल एकाच हिरडस मावळातले, म्हणजे शेजारी पडणारा माणूस भाऊबंदच, बाजीप्रभूंचा सख्खा भाऊ फुलाजी पण तिथंच गेला. आबा नुसते मान हलवत होते.

गाईडला एक स्टार कमी का दिला, तर पैसे आधी नीट सांगितले नाहीत, शेवटी जास्तीच्या वेळेचे वेगळे घेतले. दिले आनंदानं, पण आधी बोलून घ्या. अंबरखाना पण घाईत उरकला. शिवाय २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गड गेल्यापासनं गर्दी वाढल्यासारखी वाटली, त्यामुळं सकाळी आठलाच पोचा. राजदिंडीकडची वाट वयस्कर माणसांना नको, आम्ही आबांना वरच बसवलं. जेवण झुणका भाकर आणि दही, झकास.

आता आबाच म्हणतायत पावनखिंडीला जाऊया. गुडघा दुखतोय त्यांचा, गाडी खिंडीच्या किती जवळ जाते आणि पुढं पायऱ्या किती हायत, कुणी अलीकडं गेलं असेल तर सांगा.