जँगोचं पहिलं पुस्तक घेताना

जँगो, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, शिकवणारी नवशिक्यांची पुस्तकं ढिगाने आहेत आणि लिहिणारे बहुतेक जाणते आहेत. तरी शिकणारा चौथ्या-पाचव्या प्रकरणात अडकतोच. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो, आवृत्तीचा असतो. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, छापलेलं पान मात्र होतं तिथेच राहतं.

म्हणून अनुक्रमणिकेच्याही आधी पुस्तक जँगोच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिलंय ते बघा. आकडा कुठेच नसेल तर पुस्तक खाली ठेवा. ३.२, ४.२ आणि ५.२ या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या, प्रत्येकीला सुमारे तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली. नवीन विकत घेताना तीच किंवा तिच्या पुढची बघावी. ४.२ वरचं पुस्तक आधीच हाताशी असेल तर थोडी डागडुजी करून चालतं.

नुसत्या आकड्यावरही विसंबू नका, कारण मुखपृष्ठ बदलून आतला मजकूर तोच ठेवल्याचे प्रकार होतात. लॉगआउटचं पान उघडा. तिथे साधी लिंक दिली असेल तर कोड ५.० च्या आधीचा आहे. ५.० पासून जँगोचा तयार लॉगआउट व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड) फक्त पोस्ट विनंती, म्हणजे फॉर्ममधून पाठवलेली, घेतो. लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर गेट, म्हणजे नुसती पान मागणारी विनंती, पाठवतो आणि उत्तरात ४०५ (ही पद्धत चालत नाही) हा एरर येतो. बिचारा नवशिक्या यूआरएल तपासत बसतो, आणि चूक तिथे नसतेच. लिंकच्या जागी पोस्ट मेथडचा फॉर्म, त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारा गुप्त कोड) आणि एक बटण टाकलं की काम होतं.

सेटिंग्जमध्येही असाच एक खड्डा आहे. ३.१ पासून नव्या प्रोजेक्टची सेटिंग्ज फाइल फोल्डरचे पत्ते लिहायला पाथलिब हे पायथनचं मॉड्यूल वापरते, त्यामुळे जुन्या पुस्तकातली ओएस-पाथ-जॉइनची ओळ जशीच्या तशी उतरवली की ‘ओएस’ हे नाव सापडत नाही म्हणून एरर येते. फाइलच्या वर ओएस मॉड्यूल इम्पोर्ट केलं की भागतं.

‘पुस्तकातलीच जुनी जँगो बसवतो’ हा तोडगा अर्धाच आहे, पायथनही जुनं लागतं. जँगो ३.२ ला डिस्टयूटिल्स हे पायथनसोबत येणारं मॉड्यूल हवं असतं आणि पायथन ३.१२ मधून ते काढून टाकलंय. नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टसाठी वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये) पहिल्याच कमांडला गाडी अडते.

आवृत्ती जुळली तरी मांडणी बघायला हवी. चांगलं पुस्तक पहिल्या मायग्रेटच्या (डेटाबेसची टेबलं तयार करणाऱ्या कमांडच्या) आधीच स्वतःचं यूजर मॉडेल, म्हणजे वापरकर्त्याच्या माहितीचा साचा, करायला लावतं. जे हा विषय नवव्या प्रकरणात, भरलेल्या डेटाबेसवर काढतं ते मी कुणाला सुचवणार नाही. तोवर दुसऱ्या टेबलांच्या फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा) जुन्या यूजर टेबलाला जोडलेल्या असतात आणि त्या सोडवणं नवशिक्याचं काम नव्हे. शेवटच्या प्रकरणात डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद केल्यावर काय होतं तेही बघा. रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा सरावाचा सर्व्हर, स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं वगैरे) देणं थांबवतो आणि साइट सीएसएसविना उघडी पडते. अलाउड होस्ट्स (साइट कोणत्या नावांनी उघडावी त्याची यादी) रिकामं राहिलं तर रनसर्व्हर सुरूच होत नाही आणि खऱ्या सर्व्हरवर ४०० हा एरर येतो. या दोन्हींचं कारण आणि कलेक्टस्टॅटिक (स्टॅटिक फाइल्स एका जागी गोळा करणारी कमांड) नीट समजावलं नसेल, तर पुस्तक लोकलहोस्टपुरतंच, म्हणजे आपल्या कम्प्युटरपुरतंच आहे.

पैसे मोजण्याआधी जँगोचं अधिकृत ट्युटोरियल करून टाका. आठ भाग, फुकट, आणि पाचव्या भागातच टेस्ट्स (कोड नीट चालतो का ते तपासणारा कोड) लिहायला लावणारं. पान उघडल्यावर आपली आवृत्ती निवडायला विसरू नका. त्यात वापरकर्त्यांचं लॉगिन आणि डिप्लॉयमेंट (साइट खऱ्या सर्व्हरवर चढवणं) शिकवलेलं नाही, म्हणून पुस्तकात आधी नेमकी तीच प्रकरणं चाळा. पाच छोटे प्रोजेक्ट अर्धवट सोडणाऱ्यापेक्षा एकच प्रोजेक्ट सर्व्हरपर्यंत नेणारं घ्या. सोबतच्या कोडमध्ये प्रकरणागणिक वेगळं फोल्डर आणि रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, प्रत्येकाच्या आवृत्तीच्या नेमक्या आकड्यासह) असेल तर आणखी चांगलं. नसेल तर सातव्या प्रकरणात झालेली चूक दुसऱ्यापासून शोधत यावी लागते.