गोंगोरा की केवेदो?

सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये नटव्या कवितेच्या दोन तऱ्हा होत्या आणि त्यांचे दोन म्होरके एकमेकांना पाण्यात पाहत.

लुइस दे गोंगोराचं ‘सोलेदादेस’ हे दीर्घकाव्य 1613 च्या सुमारास माद्रिदमध्ये हस्तलिखितातून फिरू लागलं. सुरुवातीला सांगायचंय एवढंच, की वसंत होता. पण गोंगोरा सरळ सांगेल तर शपथ! ग्रीक पुराणातल्या युरोपा राजकन्येला पळवणारा तो मायावी बैल, कपाळी अर्धचंद्राची शिंगं मिरवत, नीलमण्यांच्या कुरणात तारे चरतोय. म्हणजे सूर्य वृषभ राशीत. त्यात वाक्यरचना लॅटिनच्या वळणाची. कर्ता एका ओळीत, क्रियापद शोधत बसा.

फ्रान्सिस्को दे केवेदोचे शब्द त्यामानाने साधे, मेख सगळी त्यांच्या अर्थामध्ये. त्याचं एक सुनीत अख्खं नाकावर आहे. माणसाला नाक नाही, नाकाला माणूस चिकटलेला! मग तेच नाक सूर्यघड्याळ, उताणा हत्ती, इजिप्तचा पिरॅमिड. हे नाक गोंगोराचंच, असं म्हणतात. त्यात ज्यूंविषयीचा विखारही आहे, तो मात्र घशाखाली उतरत नाही. गोंगोरा-पंथाला उतारा म्हणून केवेदोने 1631 मध्ये सोळाव्या शतकातल्या फ्राय लुइस दे लेओन या साधू-कवीच्या निर्मळ कविता छापून आणल्या. स्वतःचं गद्य मात्र कोड्यांनी खच्चून भरलेलं.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने केवेदो घ्यावा, लगेच हसू येतं. पुन्हा पुन्हा वाचायला मला गोंगोराच हवा. 1927 मध्ये त्याच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली, तेव्हा लोर्कासारखे तरुण कवी सेव्हिलला जमले ते त्याच्याचसाठी.